मखमल जेवत नाही

मी हात लावला आणि बंद पडलेली वस्तू चालू झाली नाही, असं आजवर घडलेलं नाही! मिक्सर आणा, इस्त्री आणा, पंखा आणा, गिझर आणा. गिऱ्हाईक "अहो, हा मिक्सर ना..." एवढं म्हणेपर्यंत माझा स्क्रूड्रायव्हर निम्मा आत गेलेला असतो. पुढचं ऐकायची गरजच काय? कार्बन ब्रश गेले असणार! मध्यंतरी एका बाईंनी हट्टानं शेवटपर्यंत बोलून दाखवलं. त्यांना मिक्सर दुरुस्त करायचा नव्हताच, आमच्या शेजारचा शिंपी कुठे बसतो ते विचारायचं होतं. पण तोवर मी मिक्सर उघडून, आतून पुसून, पुन्हा बंदही केला होता. सेवा सेवा म्हणतात ती आणखी काय असते?

असा मी माणूस. पण घर की मुर्गी म्हणतात ना, तसं आमच्या सासऱ्यांचं. गणिताचे निवृत्त मास्तर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या घरचा पंखा बिघडला की ते पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावतात. सख्खा जावई हाकेच्या अंतरावर दुकान टाकून बसलेला असताना! मी कधी काही बोललो नाही. म्हणजे बरंच बोललो, पण उपयोग झाला नाही.

म्हणून त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी मखमलला माझ्याकडे सोपवलं, तेव्हा माझी छाती वीतभर फुगली.

मखमल म्हणजे त्यांनी पाळलेला कोळी, मादी. साधी नव्हे, टॅरंटुला! तळहाताएवढी, अंगभर केस, आठ पाय, आणि चेहऱ्यावर बँकेतल्या माणसासारखा भाव. काचेच्या पेटीत राहते. आत माती, पाण्याची वाटी, आणि फुटक्या कुंडीचा एक तुकडा पालथा घातलेला, ती तिची बेडरूम. सासूबाई गेल्यापासून त्या घरात श्वास घेणारं दुसरं कुणी असेल तर ही. संध्याकाळी मास्तर तिला पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात. ऐकून हसू येतं खरं. पण एकदा मी दाराबाहेर उभा राहून ते वाचन ऐकलं होतं, आणि बेल न वाजवता बराच वेळ जिन्यातच थांबलो होतो.

टॅक्सीत बसता बसता मास्तरांनी बोट वर केलं. "जावईबापू, नीट ऐका. ती जर खायची थांबली, तर..."

"थांबेलच कशी? माझ्याकडे आहे ना!"

"तसं नव्हे. थांबली, तर तुम्ही..."

"बाबा, तुम्ही गुडघ्याकडे बघा, कोळ्याकडे मी बघतो!" असं म्हणून मी टॅक्सीचं दार लावून टाकलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते बोट काचेमागे तसंच वर होतं. बायको सोबत गेली, तिकडेच राहणार होती. घरात मी आणि मखमल.

मी लगेच मास्तरांनी सोबत दिलेल्या डब्यातला एक रातकिडा पेटीत सोडला. हेच तिचं जेवण. रातकिडा चालत तिच्यापर्यंत गेला, तिच्या पायावर चढला, पलीकडे उतरला. मखमलनं पाय जरा आवरून घेतला, गर्दीत आपण घेतो तसा. बस! मी म्हटलं, नवीन जागा आहे, लाजत असेल. दुसऱ्या दिवशी दुसरा किडा दिला. तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन. मास्तरांनी मी कसा आहे, दुकान कसं आहे, काही विचारलं नाही.

"जेवली का?"

आता खरं सांगायचं तर जीभ उचलेना. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं माझ्यावर काही सोपवलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी सांगू, की नाही जेवली?

"जेवली! दोन खाल्ले!"

"खाल्ले?"

"चाटूनपुसून!"

"आश्चर्य आहे," मास्तर हळूच म्हणाले. "अहो, पण ती तर आता..."

"हवापालट हो बाबा! भूक वाढते माणसाची!" आणि मी फोन ठेवला.

त्या क्षणापासून माझ्या जिवाला चैन नाही! दुकानात बसावं तर पेटी डोळ्यांसमोर, पेटीसमोर बसावं तर दुकान. एक इस्त्री उघडली, आत काय बिघडलंय ते विसरलो, बंद केली, पुन्हा उघडली. शेवटी कामंच घरी उचलून आणली. जेवणाच्या टेबलावर मिक्सर मांडले, मधोमध मखमलची पेटी. एक स्क्रू फिरवायचा, एकदा आत बघायचं. ती हलत नव्हती. माझा पाय मात्र टेबलाखाली शिलाई मशीनसारखा चालू.

मग मी स्वतःलाच म्हटलं, अरे, तू कारागीर आहेस! बंद पडलेल्या वस्तूचं काय करतोस? आधी गरम करून बघतोस. जुन्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट काढला, बल्ब जोडला, पेटीला झकास ऊब दिली. मखमल उठली आणि कुंडीच्या तुकड्याखाली निघून गेली. हललीच ना शेवटी! मला धीर आला. मग विचार केला, तिला अन्न चालतंबोलतं दिसत नसेल. केस वाळवायच्या यंत्रातली मोटर काढली, तिला दोरा बांधला, दोऱ्याला रातकिडा. किडा तिच्या दारासमोरून गोल गोल फिरेल, ती झडप घालेल, अशी कल्पना. यासाठी पेटीचं झाकण काढावं लागलं, आणि एक हात मोकळा हवा म्हणून रातकिड्यांचा डबा काखेत धरावा लागला.

मोटर जरा जास्त जोराची निघाली. किडा एक फेरी फिरला आणि दोऱ्यासकट भिंतीवरच्या घड्याळामागे गेला. मी दचकलो. काखेतला डबा सुटला. त्यात सबंध आठवड्याचं सामान होतं! डबा टेबलावर पडला, फुटला, आणि किडे चारी दिशांनी घरभर पांगले; पेटीतले आधीचे दोघंही उघड्या तोंडातून उडी मारून त्यांना सामील झाले. माझ्या हाती उरलं फक्त पेटीचं झाकण, ते तेवढं लावून टाकलं.

त्यानंतर घर किर्र वाजायला लागलं. कपाटामागून किर्र, फ्रिजखालून किर्र, उशीतून किर्र. मी एका आवाजामागे गेलो की तो थांबायचा आणि दुसरा पाठीमागून सुरू व्हायचा. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. "तुमचा गिझर ओरडतोय का हो?" मी म्हटलं, "हो, वॉल्व्ह बदलतोय." त्या गेल्या. लगेच एक गिऱ्हाईक सकाळीच नेलेला मिक्सर परत घेऊन दारात. "अहो, हा मिक्सर ना, बंद असला तरी..."

"कार्बन ब्रश!" म्हणत मी स्क्रू काढलासुद्धा. आतून रातकिडा टुणकन उडून गिऱ्हाइकाच्या शर्टवर बसला. बिचारा मिक्सर तिथंच ठेवून गेला.

तेवढ्यात बायकोचा फोन. आवाज चढलेला.

"अहो, बाबांचं ऑपरेशन पुढे ढकललं. प्रेशर वाढलंय त्यांचं!"

"कशानं?"

"तेच मी विचारतेय! तुमचा फोन ठेवला की वाढतं. काय सांगता तुम्ही त्यांना?"

"चांगलंच सांगतो! जेवली, खुशाल आहे, असंच सांगतो!"

"मग ते तळमळतात का असे? कूस बदलतात, छताकडे बघतात, बोटं मोडतात. म्हणतात, असं होणंच शक्य नाही, मला घरी न्या."

माझ्या लक्षात आलं. म्हाताऱ्याला संशय येतोय! माझा शब्द पटत नाही! मग डोस वाढवायला हवा. त्या संध्याकाळी मी ठणकावून सांगितलं, "बाबा, आज पाच खाल्ले!"

"पाच?" त्यांचा आवाज चिरकला. "जावईबापू, माझं ऐका, ते किडे आत..."

"आत एकही उरला नाही बाबा, शपथ घेतो!" ही शपथ तेवढी शंभर टक्के खरी होती. फोन ठेवला. बायकोचा निरोप आला, प्रेशर आणखी वर गेलंय.

आणि मग ती दुपार. पेटीत नजर टाकली. मखमल कुंडीबाहेर आडवी पडली होती. पाय पसरलेले. मी काचेवर टिचकी मारली, काही नाही. चिमट्यानं उचललं, तर वजनच नाही! कागदासारखी हलकी, आतून पार पोकळ. उपाशी राहून राहून बिचारी आतली सगळी संपली होती! वर फक्त साल राहिलं होतं.

मी खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन आलं. पंखा नाही, इस्त्री नाही, मास्तरांच्या घरातलं एकुलतं एक जिवंत माणूस माझ्या हातून गेलं होतं. आता ते संध्याकाळी कुणाला पेपर वाचून दाखवणार? आणि प्रेशर वाढलेल्या माणसाला हे सांगायचं तरी कसं? मी स्क्रूचा पत्र्याचा डबा रिकामा केला, कापूस घातला, तिला आत ठेवलं. किडे सगळीकडून किर्र करत होते. मला ते टोमणेच वाटले.

पण हातावर हात ठेवून बसेल तो कारागीर कसला? पार्ट जळाला तर आपण काय करतो? नवा टाकतो! मी चपला अडकवल्या आणि पाळीव प्राण्यांचं दुकान गाठलं. धावतच गेलो म्हणा ना.

"टॅरंटुला! काळसर, केसाळ, एवढा!" मी तळहात दाखवला.

दुकानदार शांत माणूस. त्यानं मागून एक डबा आणला. "आहे. पण साहेब, तुमच्याकडे आधीची असेल, तर सांगून ठेवतो, हा..."

"हाच! द्या!"

"अहो, पण हा जो आहे ना, तो..."

"बांधा म्हणतो ना!"

वाटेत डब्यात डोकावलो. नवीन मखमल जरा काटकुळी होती, पाय लांबलचक. रोज पाच पाच किडे खाऊन एवढी बारीक कशी झाली, याचं उत्तर तयार नव्हतं. बघू म्हटलं. घरी येऊन तिला पेटीत सोडली. ती एक चक्कर मारून सरळ कुंडीच्या तुकड्याशी गेली आणि पुढच्या पायांनी जमिनीवर टकटक करायला लागली. थांबायची, पुन्हा टकटक. कुणी दार वाजवावं तशी! मला वाटलं, भूक लागली असेल. भूक लागलेला कोळी किती दिवसांनी बघत होतो!

एवढ्यात आमचं दार वाजलं.

दारात बायको, आणि वॉकरवर रेललेले मास्तर. डॉक्टरांनी कंटाळून सांगितलं होतं, यांना घरी जाऊन त्या कोळ्याला एकदा बघू द्या, प्रेशर उतरलं की मग आणा. मास्तर माझ्याकडे न बघता तडक टेबलाशी गेले. चष्मा पुसला. वाकले.

"बघा! ठणठणीत आहे!" मी म्हटलं.

मास्तर बराच वेळ बघत राहिले. आतून टकटक चालू होती. मग त्यांनी मान वर केली. "हा कोण?"

"मखमलच की! जरा बारीक झालीय, हवापालट..."

"जावईबापू."

"आणि उन्हानं रंगही..."

"जावईबापू!" वर्गातला आवाज! बायकोनं कमरेवर हात ठेवले. कपाटामागे एक किडा वाजला आणि तोही गप्प झाला.

मग मात्र मी घडाघडा सगळं सांगितलं. ती एकही घास खात नव्हती, मी रोज थापा मारत होतो, आणि शेवटी... मी पत्र्याचा डबा आणून त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, "बाबा, मला माफ करा. मी तिला उपाशी मारली."

मास्तरांनी झाकण उघडलं. कापसावरून तिला अलगद तळहातावर घेतलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मी डोळे मिटले. बायको धावली, "बाबा, प्रेशर! सांभाळा!" आणि बघतो तर काय, म्हातारा हसत होता! वॉकर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

"अहो, हे तिचं झंपर आहे!"

"काय?"

"कात! कात टाकलीय तिनं! टाकायच्या आधी कोळी खायचा थांबतो. थांबली, तर तुम्ही तिला अजिबात छेडू नका, एवढंच सांगत होतो. तुम्ही टॅक्सीचं दार लावलंत." त्यांनी डोळे पुसले. "आणि तुम्ही सांगताय, पाच खाल्ले! मी म्हटलं, काहीतरी भयंकर झालंय. एक किडा जरी आत राहिला ना, तर कात टाकताना तोच हिला कुरतडतो. कुठायत तुमचे किडे?"

फ्रिजखाली एकजण किर्र वाजला. उशीतून दुसऱ्यानं साथ दिली.

"म्हणूनच मी ते सोडून दिले!" मी म्हटलं. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की मी ते वाक्य लगेच मागे घेतलं.

मग तिघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. ही जर कात असेल, तर मखमल कुठे आहे? तिघांनीही कुंडीच्या तुकड्याकडे बघितलं. नवीन पाहुणा टकटक थांबवून निम्मा आत शिरला होता!

मी झटकन स्क्रूड्रायव्हर उचलला.

"ठेवा तो खाली!" मास्तर गरजले. "आणि आयुष्यात एकदा माझं वाक्य पुरं ऐका!"

मी दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"तो बाहेर येईपर्यंत थांबायचं, आला की वरून ग्लास ठेवायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा, घाई करायची नाही, आणि तिला हात लावायचा नाही, कारण ती अजून मऊ आहे, धक्का लागला तर खरंच जाईल."

इतकं लांब वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. मध्ये किमान चार ठिकाणी मला बोलायचं होतं. अंगाला घाम फुटला, पण बोललो नाही. पाहुणा मागे सरकला, ग्लास बसला, पुठ्ठा सरकला. मग मास्तरांनी एका बोटानं कुंडीचा तुकडा जरासा उचलला. आत मखमल बसली होती. नवीकोरी, काळीभोर, आधीपेक्षा मोठी. एक पाय तिनं सावकाश हलवला.

"काय गं," मास्तर म्हणाले, "सगळं एकटीनंच उरकलंस?"

बायको हळूच वाकून बघायला लागली. मीसुद्धा.

बायकोनं यंत्र लावून त्यांचं प्रेशर बघितलं. अगदी नॉर्मल! मी म्हटलं, "यंत्र बिघडलं असेल, बघू इकडे." तिनं ते पदराआड लपवलं.

"आणि हा?" तिनं ग्लासकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी ग्लास उजेडात धरून निरखला. "हा नर आहे. दुकानदार बोलला नाही?"

"बोलत होता," मी म्हटलं.

"वा! म्हणजे तुम्ही माझ्या मुलीसाठी परस्पर स्थळ घेऊन आलात! मुलगी नेसायला आत गेलीय आणि हा दार ठोठावतोय!"

पुढे ऑपरेशन छान झालं. मखमल मास्तरांच्या घरी परत गेली आणि भरपूर जेवायला लागली, हे मला त्यांनीच सांगितलं, आणि मी खरं मानलं. तो काटकुळा पाहुणा आमच्या दुकानात काउंटरवर असतो. तो काही खात नाही. वयात आलेले नर असेच असतात, खाण्यावरून त्यांचं मन उडतं, असं मास्तर सांगत होते. आता काठी टेकत ते दुपारी दुकानात येतात, त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसतात, आणि गिऱ्हाइकांशी ओळख करून देतात, "हे आमचे थोरले जावई. आणि हे डब्यातले धाकटे. धाकटे गुणी आहेत हो, मी बोलत असताना मध्ये तोंड घालत नाहीत."

मी हसतो. काय करणार?

पण परवा ते आले, तेव्हा त्यांच्या हातात पंखा होता! त्यांच्या घरचा! काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, हा पंखा ना..."

माझं काळीज असं धडधडलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांनी! कपॅसिटर गेला असणार, अगदी दिसत होतं! बोटं स्क्रूड्रायव्हरकडे धावत होती. पण नाही! मी दोन्ही हात काखेत दाबले, ओठ मिटले, आणि त्यांचं वाक्य अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"...हा पंखा ना, त्या पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे द्यायचा आहे. मला अजून एवढं चालवत नाही. तुम्ही घरी जाता जाता पोचवाल का?"

म्हणून अनुभवानं सांगतो, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेण्यात तसा काही फायदा नसतो.